आयर्विनला ३८

मे महिन्यातली दुपार. मिरज तालुक्यात वारणाकाठच्या एका वस्तीवर पूरधोक्याचा सर्व्हे करायला गेले होते. दुर्बीण, पट्टी आणि कार्यालयाचा चार पानी तक्ता. चौदा घरांच्या जोत्यांच्या लेव्हल घेऊन झाल्या. वस्ती चढावर. २००५ च्या पुराचं पाणी तिथवर पोचलंच नव्हतं. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा कुठं सगळ्यात खालच्या घराच्या उंबऱ्याला टेकलं. तक्त्यात ‘धोका : कमी’ लिहून मोकळी झाले.

त्याच घरातली आज्जी ताकाचा तांब्या घेऊन आली. तिच्या भिंतीवर कोळशानं ओढलेली रेघ होती, २०१९ ची. मी तिचा फोटो काढायला लागले, तर म्हणाली, “त्या रेघंचं काय घिऊन बसलीस पोरी? आमचं मरान तिकडं मोरीपाशी हाय.”

मोरी म्हणजे वस्तीच्या एकुलत्या एका रस्त्यावरची, ओढ्यावरची. नदीपासून लांब, म्हणून माझ्या यादीत नव्हती. आज्जीच्या मागोमाग गेले. ओढा कोरडा ठणठणीत, कडेला वाळलेली जलपर्णी. “नदीकडं बघत बसायचंच न्हाई,” ती म्हणाली. “ही जलपर्णी उलटी, वरच्या अंगाला सरकाय लागली की समजायचं, फूग आली.”

हे मी पुस्तकात वाचलेलं. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की वारणेला आत घेत नाही. मग वारणा मागं फुगते आणि तिच्या ओढ्यांतून पाणी उलटं चढतं. पण त्याची खूण जलपर्णीत बघायची, हे कुठल्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

“मोरी कधी बुडते आज्जी?”

“आयर्विनला अडतीस झालं की गेली.”

आयर्विनची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. म्हणजे इशारा मिळायच्या आधीच इथला रस्ता बंद. आणि पुढं बेट. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला नाव उलटली, त्यातली माणसंही पाण्यानं वेढलेल्या गावातून बाहेर पडत होती.

“मग ३७ लाच का निघत नाही?”

आज्जीनं गोठ्याकडं हात केला. दोन म्हशी, एक आठवड्यापूर्वीच व्यालेली. “हिला कोण नेणार? तुमच्या नावंत बसती व्हय?”

चार पानी तक्त्यात पक्की घरं, कच्ची घरं, शौचालयं, हातपंप, सगळ्याला रकाने. जनावरांना नाही. (तक्ता बनवणाऱ्याला कधी तरी श्रावणात इथं मुक्कामाला धाडायला हवं.)

गाडीत ठेवलेली दुर्बीण परत काढली. उन्हं कलली होती, पट्टी धरणारा पोरगा वैतागलेला. रीडिंग आलं : सगळ्यात खालच्या जोत्यापेक्षा मोरीचा माथा साडेपाच मीटर खाली. घरांचा हिशोब चुकला नव्हता. मोजायची जागा चुकली होती. ‘कमी’ खोडून ‘जास्त’ केलं. शेऱ्यात लिहिलं, ‘३५ फुटांना जनावरं हलवणे. ट्रॉली लागेल. मोरी उंच करणे.’ आणि म्हशी मोजायला परत पहिल्या घरापासून सुरुवात केली. एकतीस भरल्या.

चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. “मॅडम, पूररेषेच्या अहवालात म्हशी कशाला?”

मी त्यांना मोरीचं रीडिंग वाचून दाखवलं.