आईच्या कार्डावर धान्य चालू करायला अकरा महिने (माझा अनुभव)

इष्टांक. हा शब्द मी रेशनिंग ऑफिसच्या खिडकीवर पहिल्यांदा ऐकला आणि पुढचे अकरा महिने दुसरं काही ऐकलंच नाही.

आई दिघ्याला राहते, सोबत धाकटा भाऊ, तो दहावीला. मी लग्न होऊन कळव्याला. बाबा गेले तेव्हा कार्ड त्यांच्या नावावर होतं, केशरी. त्यांचं नाव कमी करणं, आईला कुटुंबप्रमुख करणं हे सगळं झालं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. (खरं तर अन्न सुरक्षा कायद्यात घरातली 18 वर्षांवरची सगळ्यात मोठी बाईच कुटुंबप्रमुख असते, पण आमच्याकडे ते कोणी बघितलंच नाही, आम्हीपण नाही.)

मग आई पिशवी घेऊन दुकानात गेली तर दुकानदार म्हणाला, कार्ड एनपीएच आहे, यावर धान्य येत नाही. म्हणजे कार्ड आहे, बारा अंकी नंबर आहे, ऑनलाइन दिसतंय, पण प्राधान्य कुटुंबात, म्हणजे ज्यांना धान्य मिळतं त्या यादीत, नाही. 2014 ला हा कायदा आपल्याकडे लागू झाला आणि कार्डावर शिक्के पडले तेव्हा बाबा कंपनीत होते, आपल्याला काय गरज म्हणून त्यांनी फॉर्मच भरला नव्हता. आता आई ऐरोलीत दोन घरी भांडी घासते, 4,500 रुपये महिना. वर्षाचे झाले 54 हजार. शहरात प्राधान्य कुटुंबाची मर्यादा 59 हजार. म्हणजे बसतो आपण, मला वाटलं आठ दिवसांचं काम आहे.

उत्पन्नाचा दाखला, आधारच्या झेरॉक्स, अर्ज, सगळं घेऊन गेले. खिडकीतल्या माणसाने कागद बघितलेसुद्धा नाहीत, नुसतं म्हणाला, "इष्टांक नाही." मला वाटलं एखादा दाखला असेल, मी विचारलं, कुठे मिळतो, सेतूत का? मागची लाइन हसली. मीपण हसले, काय करणार.

तर इष्टांक म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं त्याचा ठरलेला आकडा. महाराष्ट्रासाठी साधारण सात कोटी, शहरात राहणाऱ्यांपैकी 45.34 टक्के लोकांनाच, आणि ही टक्केवारी लावलीय 2011 च्या जनगणनेवर. 2021 ची जनगणना झालीच नाही म्हणून आकडा तिथेच अडकलाय. 2011 ला माझा भाऊ पाळण्यात होता आणि दिघ्याला स्टेशनपण नव्हतं. आता लोकल थांबते, माणसं किती वाढली, आकडा तोच. म्हणजे धान्य नाही असं नाही, गोदामात आहे, आई नियमात बसत नाही असंही नाही, फक्त आधीच्या यादीतलं कोणीतरी मरायला किंवा कोणाचं तरी नाव कटायला पाहिजे, तेव्हा तिचा नंबर. हे मला कोणी समजावून सांगितलं नाही, तीन खेपा झाल्यावर लाइनीतल्याच एका काकांनी सांगितलं.

खेपा किती झाल्या ते मोजायचं सोडून दिलं. हाफ डे टाकून जायचं, कधी सर्व्हर डाऊन, कधी साहेब मीटिंगला, कधी "पुढच्या महिन्यात बघा". आई म्हणायची जाऊ दे गं, कशाला सुट्ट्या घालवतेस. मग एकदा भावाने सहज बोलता बोलता सांगितलं की महिन्याच्या शेवटी आई रात्री चहा आणि टोस्टच खाते, म्हणते भूक नाही. त्यानंतर मी सुट्ट्यांचा हिशोब केला नाही. ऑफिसच्या पायरीवर एक एजंट बसायचा, तो तीन हजार मागत होता. मी म्हटलं इष्टांकच नाही तर तुम्ही कुठून आणणार, तर म्हणे ते आमच्यावर सोडा. ते वाक्य अजून डोक्यात आहे!

माझी मोठी चूक म्हणजे पहिले चार महिने खिडकीतून अर्ज परत दिला की मी तो घेऊन घरी यायचे, म्हणजे मी अर्ज केला याचा पुरावाच नाही. परत घेऊ नका. आवक विभागात द्या, आपल्या कॉपीवर तारखेचा शिक्का घ्या आणि मगच तिथून हला.

मग माहिती अधिकार टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, जोडपत्र अ (म्हणजे त्याचा अर्जाचा नमुना). आपल्याकडे एकच विषय आणि 150 शब्दांत लिहायचं असतं, मी पहिल्यांदा रागात दोन पानं खरडली, ती परत आली. दुसऱ्यांदा तीनच प्रश्न: या दुकानाला इष्टांक किती, वर्षभरात किती नावं कमी झाली, त्या जागी कोणाला कुठल्या क्रमाने घेतलं. 30 दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं. नावं कमी झाली होती, मयत, ई-केवायसी न झालेले वगैरे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र गोलमाल. ते उत्तर जोडून तक्रार दिली, शिक्का घेऊन. तीन आठवड्यांत कार्ड ऑनलाइन प्राधान्यमध्ये दिसायला लागलं. माझ्यामुळे झालं की होणारच होतं माहीत नाही, पण श्रेय मी सोडणार नाही.

हां, अंगठ्याचं राहिलं. भांडी घासून आईच्या बोटांचे ठसे गेलेत, मशीन घेतच नव्हतं. आधारला मोबाइल नंबर लिंक करून ठेवा, ओटीपीवर होतं. आणि दुकानदाराने फारच त्रास दिला तर दुसऱ्या दुकानात जा, कार्ड कुठल्याही दुकानात चालतं. पावती मागा, वजन बघा.

तर माणशी पाच किलो, दोघांचे दहा किलो, 2023 पासून फुकट. पहिल्या दिवशी आईने तांदूळ दोनदा निवडला, खडे नव्हतेच.

आता शेजारच्या काकूंची फाइल माझ्याकडे आलीय. त्यांच्या दाखल्यावर 60 हजार लिहून आलेत, एक हजार जास्त.