आमची वाटचाल : उघडा प्रोटोकॉल, बंद तोंडं

आम्ही गाडीची जागा कळवणारे जीपीएस ट्रॅकर, म्हणजे आमच्या भाषेत डबे, बनवतो. डबा सर्व्हरशी ज्या भाषेत बोलतो तो प्रोटोकॉल पहिल्या डब्यापासून खुला आहे. पॅकेटचा, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या माहितीचा, आराखडा जीटी06 या प्रचलित ट्रॅकरचाच ठेवला : सुरुवातीला 78 78, शेवटी 0डी 0ए, मधल्या प्रत्येक बाइटचा अर्थ सोबतच्या कागदावर छापलेला. सर्व्हरचा पत्ता ग्राहकाने एसेमेसने बदलावा, पासवर्डही त्याचाच. आमचं सॉफ्टवेअर नको असेल तर ट्रॅकार या खुल्या सॉफ्टवेअरच्या 5023 पोर्टवर डबा लावा, तिथेही चालतो. 'दुकानाची किल्ली गिऱ्हाइकाला देताय,' असं धंद्यातल्या एकाने तोंडावर सांगितलं होतं. त्याच्याकडे येतोच.

पहिली खेप टेबलावर चालायची आणि गाडीत रीसेट व्हायची. मोबाइल नेटवर्कवर बोलणारं जीएसएम मॉड्यूल माहिती पाठवताना क्षणभर 2 अँपिअरपर्यंत करंट ओढतं. सर्किट बोर्डावरच्या बारीक ट्रॅकवर (तांब्याच्या रेघेवर) तेवढ्यात व्होल्टेज बसतं. 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मॉड्यूलच्या पायांना अगदी लगत लावला, ट्रॅक रुंद केला, रीसेट थांबले. दुसरं दुखणं स्टार्टरचं. सेल मारला की 12 व्होल्टची बॅटरी 7-8 वर येते. हे गाडीत बसून किती वेळा बघणार? पुण्याच्या तपकीर गल्लीतून व्होल्टेज कमीजास्त करता येणारा जुना बेंच सप्लाय आणला, त्याचं बटण घासून आकडे पुसले गेलेत. आजही प्रत्येक डबा त्याच्यावर 12 वरून 6 वर आणून, परत वर नेऊन, मगच पॅक होतो.

इग्निशनची वायर शोधताना नवे फिटर हमखास ॲक्सेसरीची घेतात. सेल मारताना ती शून्य होते, आणि मालकाला दर स्टार्टला 'गाडी बंद' असा अलर्ट जातो. सेल मारतानाही जिवंत राहणारी वायर घ्यावी. शोधायला मल्टिमीटर वापरा. नव्या गाड्यांत टेस्ट लॅम्प चुकून एअरबॅगच्या वायरला लागला तर निस्तरणं अवघड.

आता तो किल्लीवाला. त्याने डबा फुकट आणि वर्षाचा करार असं सुरू केलं, डब्याचा पासवर्ड स्वतःकडे. आमची निम्मी गिऱ्हाइकं गेली. त्याच्या फिटरांनी 24 व्होल्टच्या ट्रकमध्ये 12 व्होल्टचे डबे बसवले, सप्लाय दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडातून. म्हणजे खालची बॅटरी रोज थोडी जास्त उतरते, वरची जास्त चार्ज होते, काही महिन्यांत दोन्ही जातात. बिल मात्र बॅटरीवाल्याच्या नावाने. 24 ला 9 ते 36 व्होल्ट घेणारा डबा लावावा, नाहीतर कन्व्हर्टर, आणि बॅटरीजवळ फ्यूज. एवढंच सांगायला गेलो तर लोक 'मत्सर' म्हणाले.

मधली वर्षं डबे विकण्यात गेली. 1 जानेवारी 2019 पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-140 हे ट्रॅकरचं सरकारी मानक आलं. पॅनिक बटण, नाविक ही भारतीय उपग्रह प्रणाली, मान्यतेचा खर्च. छोट्यांचं कंबरडं त्यातच वाकलेलं.

आणि त्याच वर्षीचा 7 एप्रिल, रविवार. पहाटे साडेपाचला जीपीएसचा आठवडे मोजणारा आकडा, जो 1023 पर्यंतच जातो, पुन्हा शून्यावर आला. चाकणच्या आमच्या सर्वांत जुन्या वाहतूकदारांचा फोन : 'गाड्या रस्त्यावर आहेत, नकाशावर हलत नाहीत.' सर्व्हरवर सगळे डबे ऑनलाइन. डब्यांनी पाठवलेला कच्चा हेक्स लॉग (सोळाच्या पायातले आकडे) उघडला. तारखेच्या जागी 13 04 07 (वर्ष 19, महिना 4, तारीख 7) हवं होतं, आलं होतं 63 08 16. म्हणजे वर्ष 99, महिना 8, तारीख 22. जुन्या फर्मवेअरचं जीपीएस मॉड्यूल 1024 आठवडे मागे, 1999 मध्ये गेलेलं. आमचा पार्सर (पॅकेट वाचणारा प्रोग्राम) वर्षात 2000 मिळवायचा, त्यामुळे ते 2099 झालं, आणि भविष्यातली तारीख नाकारण्याच्या आमच्याच नियमाने प्रत्येक पॅकेट फेकलं गेलं.

दुरुस्ती दोन ओळींची : वर्ष 99 आलं तर 1999 समजा, आणि तारीख 1024 आठवडे मागे असेल तर 7168 दिवस मिळवा. वाहतूकदारांनी खात्रीसाठी एक ट्रक भोसरीत आमच्या दारात उभा करून किल्ली दिली, रविवारचं भाडं सोडून. कच्ची पॅकेट आम्ही ठेवतो, ती पुन्हा पार्सरमधून काढली आणि सकाळपासूनच्या फेऱ्या नकाशावर उमटल्या. (जागा वाचवायला कच्चा लॉग पुसणाऱ्यांनी हे वाचावं. आणि डब्यात सर्व्हरचा आयपी (आकड्यांचा पत्ता) टाकू नका, डोमेन (नावाचा पत्ता) टाका. सर्व्हर हलवला की कळेल.)

किल्लीवाल्याचेही बरेच डबे त्याच दिवशी अडकले. त्याच्याकडे ना प्रोटोकॉलचा कागद, ना पार्सर. उत्तर परदेशातून यायचं होतं, आणि गाड्या नकाशावर आठवडाभर 'ऑनलाइन' उभ्या होत्या. त्याची अकरा गिऱ्हाइकं आमच्याकडे आली. त्यांच्या डब्यांचा पासवर्ड मिळाला नाही, सगळे नवे बसवावे लागले.

चाकणच्या त्या ट्रकमध्ये पहिल्या खेपेचा डबा अजून आहे. बदलून देतो म्हटलं तर 'चालतोय ना?' म्हणतात. 7168ची ओळ त्यामुळे अजून कोडमध्ये आहे.