तुम्ही विचारलंत म्हणून: मी गाडीत ती रेडिओवरची आरडाओरड का ऐकते

हा प्रश्न मला मंडळाच्या गणपतीत विचारला जातो, पुण्याहून बहीण फोनवर विचारते, आणि गाडीत शेजारी बसलेली मैत्रीण तर न विचारता सरळ हात पुढे करून स्टेशनच बदलते. "अगं तू हे कसं काय ऐकू शकतेस?" हे म्हणजे अमेरिकेतला कॉन्झर्व्हेटिव्ह टॉक रेडिओ, म्हणजे एएमवर (एफएमच्या आधीपासूनचा जुना रेडिओ बँड) दिवसभर चालणारं, उजव्या विचारांचं ते बोलणं ज्यात एक माणूस तीन तास राजकारण, मीडिया आणि परदेशातली युद्धं यावर तावातावाने बोलतो आणि मधेमधे लोकांचे फोन घेतो. मी ते ऑफिसला जाताना-येताना ऐकते, बरीच वर्षं ऐकतेय, आणि मी मत त्यांच्या बाजूने देत नाही, त्यामुळे लोकांना जास्तच कोडं पडतं. तर सविस्तर सांगते, कारण दरवेळी "सवय झालीये" म्हणून वेळ मारून नेते ते आता मलाच बरं वाटत नाही.

आम्ही सिनसिनाटीच्या उत्तरेला राहतो, ओहायोत. इथे 700 वर डब्ल्यूएलडब्ल्यू लागतं. हे साधंसुधं स्टेशन नाही, 1934 मध्ये ते 5 लाख वॅटवर गेलं होतं, आज 50 हजारावर आहे तरी रात्री कित्येक राज्यांत ऐकू येतं. तिथे बिल कनिंगहॅम नावाचे गृहस्थ आहेत, मूळचे वकील, इथे त्यांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये रिपब्लिकन पक्षाकडून अध्यक्षपदासाठी उभा असलेल्या जॉन मकेनची सभा होती इथे, तेव्हा कनिंगहॅमने सुरुवातीच्या भाषणात 'बराक हुसेन ओबामा' असं मधल्या नावावर जोर देऊन पुन्हा पुन्हा म्हटलं, मग मकेनने येऊन त्याबद्दल माफी मागितली, तर कनिंगहॅम आपल्याच पक्षाच्या उमेदवारावर इतका भडकला की मी आता समोरच्या पक्षाच्या हिलरी क्लिंटनला पाठिंबा देतो म्हणाला! हे प्रकरण मला फार सांगण्यासारखं वाटतं कारण त्यात सगळं कळतं: उमेदवार पक्षाचा, पण रेडिओवाला पक्षाचा नाही. तो कुणाचा असतो ते पुढे सांगते.

आधी हे आलं कुठून. बऱ्याच जणांना वाटतं की हे कायमच असं होतं, पण तसं नाहीये. 1949 पासून इथे फेअरनेस डॉक्ट्रिन नावाचा नियम होता, वादाचा विषय घ्यायचा तर दुसरी बाजूही द्यायची. रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या एफसीसी या सरकारी संस्थेने 1987 मध्ये तो काढला, त्याच्या आधी संसदेने तो कायद्यात पक्का करायचा प्रयत्न केला तर रेगनने व्हेटो केला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये रश लिंबॉचा, म्हणजे या रेडिओतल्या सगळ्यात मोठ्या होस्टचा, कार्यक्रम न्यूयॉर्कहून देशभर सुरू झाला. लोक इथेच थांबतात, नियम गेला आणि रश आला, पण अर्धी गोष्ट धंद्याची आहे. गाणी तोपर्यंत सगळी एफएमवर गेली होती, एएमवर खरखर, त्यामुळे तिथे बोलण्याशिवाय काही चालेना आणि स्टेशनं ओस पडायला आली होती. सॅटेलाइटने एक कार्यक्रम शंभर ठिकाणी पाठवणं स्वस्त झालं होतं. आणि कार्यक्रम स्टेशनला फुकट द्यायचा, बदल्यात त्यातली काही मिनिटं जाहिरातीला आपल्याकडे ठेवायची, ही युक्ती. गावातल्या छोट्या स्टेशनच्या मालकाला दुपारचे तीन तास फुकट भरून मिळतायत म्हटल्यावर तो कशाला नाही म्हणेल? मग 1996 च्या टेलिकॉम कायद्याने एका कंपनीकडे किती स्टेशनं असावीत यावरची देशपातळीवरची मर्यादाच उठली आणि क्लिअर चॅनल या रेडिओ कंपनीने तर हजारावर स्टेशनं घेतली.

रश माणूस म्हणून मला कधी आवडला नाही पण कलाकार म्हणून, खरं सांगायचं तर, तोड नव्हती. कीर्तनकार कसा एक अभंग घेतो आणि तासभर फिरवतो, मधे गोष्ट, मधे नक्कल, मधे टोमणा, तसं हा सकाळच्या पेपरातली एक हेडलाईन घेऊन तीन तास. ना पाहुणा, ना चर्चा. कागद हातात खुळखुळवल्याचा आवाज यायचा मुद्दाम. नव्वदच्या सुरुवातीला हॉटेलांत 'रश रूम' असायच्या, दुपारी जेवताना सगळ्यांनी मिळून ऐकायचं. 1994 मध्ये रिपब्लिकन चाळीस वर्षांनी हाउस जिंकले तर नवीन निवडून आलेल्यांनी त्याला मानद सदस्य करून टाकलं. माइक पेन्स दोनदा निवडणूक हरून रेडिओवर बोलायला लागला आणि तिथून पुढे काँग्रेसमध्ये आणि शेवटी उपाध्यक्ष. फेब्रुवारी 2020 मध्ये रशला भर स्टेट ऑफ द युनियनमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या संसदेतल्या वार्षिक भाषणात, मेडल ऑफ फ्रीडम हा मोठा नागरी सन्मान मिळाला, वर्षभराने तो गेला.

आता मीडियाचं. माझं मत असं की या रेडिओचा खरा विषय टॅक्सही नाही आणि गर्भपातही नाही, खरा विषय एकच, "ते तुमच्याशी खोटं बोलतायत". ते म्हणजे न्यूयॉर्क टाइम्स, सीएनएन, टीव्हीची तिन्ही मोठी नेटवर्क. बाकी विषय येतात-जातात, हा रोज असतो. आणि गंमत बघा, टाइम्स नसेल तर यांचा कार्यक्रम सुरूच होणार नाही, पहिला तास त्यावरच चालतो. 2000 साली बुशने उपाध्यक्षपदासाठी डिक चेनीला निवडलं तेव्हा टीव्हीवरची यच्चयावत मंडळी 'ग्रॅव्हिटास' (भारदस्तपणा) हा एकच शब्द वापरत होती, रशने त्या सगळ्या क्लिपा एकामागे एक जोडून वाजवल्या. मी पुष्कळ नंतर ऐकली ती, हसून पुरेवाट! एवढे मोठे पत्रकार आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, कुठलाही ऐकणारा म्हणेल की यांचं आधी ठरलेलं असतं. ठरलेलं नसतं, एकाच शहरातली एकाच वर्तुळातली माणसं एकमेकांचं वाचून बोलतात, पण क्लिप ऐकल्यावर हे कोणाला पटवणार तुम्ही. आणि टीकेत तथ्य नसतं असंही नाही. ओहायोतल्या गावांबद्दल किनाऱ्यावरचे पत्रकार जे लिहितात ते वाचून मला, जी इथली जन्मलेली पण नाही, मलासुद्धा राग येतो कधीकधी.

पण एक गोष्ट मला त्या रेडिओवर जवळजवळ कोणी प्रामाणिकपणे सांगताना ऐकलेलं नाही. टाइम्सची अलीकडची सगळ्यात मोठी चूक कुठली, तर इराककडे भयंकर शस्त्रं आहेत हे फार तपासून न बघता छापणं, मे 2004 मध्ये त्यांनी स्वतः तसं लिहून मान्य केलं. आणि त्या वेळी रेडिओ कुठे होता? त्याच बाजूला! युद्ध हवं म्हणून सगळ्यात मोठा आवाज यांचाच. ग्लेन बेक या होस्टने 2003 मध्ये गावोगावी 'रॅली फॉर अमेरिका' घेतल्या, क्लिअर चॅनलच्या स्टेशनांनी त्या चालवल्या. इराकमधल्या अबू घरेब तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी कैद्यांचा छळ केल्याचे फोटो बाहेर आले तेव्हा रशने त्याची तुलना कॉलेजातल्या रॅगिंगशी केली होती. म्हणजे मीडिया जेव्हा सरकारचं ऐकून सपशेल चुकला तेव्हा मीडियावर रोज तीन तास तोंडसुख घेणारे हे लोक नेमके त्याच्या शेजारी उभे होते, आणि आजही मीडिया किती खोटारडा हे सांगताना इराकचा दाखला असा देतात जसं काही हे तेव्हा दुसऱ्या ग्रहावर होते.

फॉरेन पॉलिसी इथेच मला सगळ्यात मजेशीर वाटते. 2003 ला युद्धाला विरोध केला तर देशद्रोही. फेब्रुवारी 2016 मध्ये साउथ कॅरोलिनातल्या रिपब्लिकन उमेदवारांच्या डिबेटमध्ये ट्रम्पने स्टेजवर उभं राहून सांगितलं की इराक युद्ध ही घोडचूक होती आणि शस्त्रांबद्दल खोटं सांगितलं गेलं, सगळ्यांना वाटलं संपला हा माणूस, सैनिकांचं राज्य ते, आठवड्याभराने तो तिथलीच पक्षांतर्गत निवडणूक जिंकला. आणि बघता बघता रेडिओवरचा सूर बदलला. आता परदेशात पैसा कशाला, युक्रेनला कशाला, आपली बॉर्डर आधी. सगळे नाही बदलले, मार्क लेविन हा होस्ट अजून जुन्या पद्धतीचा, म्हणजे परदेशातल्या लष्करी कारवाईच्या बाजूचा, जून 2025 मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ल्याचा विषय आला तेव्हा तो एका बाजूला आणि ट्रम्पचा जुना सल्लागार स्टीव्ह बॅनन आणि आधी फॉक्स न्यूजवर असलेला टकर कार्लसन दुसऱ्या बाजूला, आणि एकमेकांना जे बोलले ते डेमोक्रॅट्सना पण बोलत नाहीत. ते दिवस मी कॉलर ऐकण्यात घालवले. इराकला दोन वेळा जाऊन आलेला एखादा फोन करतो आणि शांतपणे सांगतो की माझ्या मुलाला मी पाठवणार नाही, तेव्हा होस्ट काय करतो ते ऐकायचं. वाद घालत नाही. "थँक यू फॉर युअर सर्व्हिस" म्हणून ब्रेकवर जातो.

मघाशी म्हटलं ना, हा माणूस कुणाचा असतो ते सांगते. तो फोन करणाऱ्यांचा असतो. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की हे लोक भोळ्या जनतेला भडकवतात, आणि भडकवतातच, पण लगाम कुणाच्या हातात आहे हे एवढं सोपं नाही. 2007 मध्ये बुश आणि मकेन दोघांना हवं असलेलं इमिग्रेशनचं बिल फोनांच्या माऱ्याने सिनेटमध्ये पडलं, रिपब्लिकन सिनेटर ट्रेंट लॉटच तक्रार करत होता की टॉक रेडिओ देश चालवतोय. आणि 2016 ला जे होस्ट ऐकणाऱ्यांच्या विरुद्ध गेले त्यांचं काय झालं बघा. मिलवॉकीचा चार्ली साइक्स, वीसहून जास्त वर्षं तिथला राजा, ट्रम्पला विरोध केला आणि त्या वर्षाअखेर कार्यक्रम सोडला. ग्लेन बेकने पण विरोध केला होता, तो नंतर वळला, आहे अजून. रेडिओवर रोज संध्याकाळी निकाल लागतो, पटलं नाही तर माणूस बटण दाबतो आणि जाहिरात जाते. (जाहिराती हा वेगळाच विषय आहे: सोनं घ्या, उशा घ्या, पंचवीस वर्षं टिकणारं डबाबंद जेवण घ्या, आणि होस्ट देश बुडाला म्हणता म्हणता त्याच दमात उशीचं वाचायला लागतो.)

म्हणून मी ऐकते. टीव्हीवर पुढारी काय म्हणणार ते ऐकण्यात मला रस नाही, इथल्या डेटन शहराकडचा साधा माणूस आज काय म्हणतोय ते दोन-तीन महिन्यांनी पुढारी म्हणतात. आपल्याला तर हे ऐकायची जास्त गरज आहे. पूर्वी या रेडिओवर भारत म्हणजे फक्त कॉल सेंटरचा विनोद. डिसेंबर 2024 मध्ये एचवनबीवरून, म्हणजे आपली आयटीतली बरीच मंडळी ज्या कामाच्या व्हिसावर येतात त्यावरून, जुंपली, एकीकडे मस्क आणि आमच्या सिनसिनाटीत जन्मलेला, उद्योजक आणि रिपब्लिकन नेता विवेक रामस्वामी, दुसरीकडे बॅनन. रामस्वामीने अमेरिकन कल्चर सुमारपणाची पूजा करतं असं लिहिलं आणि ज्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या तेच फोन करून त्याला शिव्या घालायला लागले. एक जण सांगत होता की नोकरी जाण्याआधी, आपल्या जागी व्हिसावर येणाऱ्याला ट्रेनिंग मलाच द्यायला लावलं. आता त्याला काय उत्तर आहे? आमच्या ग्रुपवर "रेसिस्ट आहेत सगळे" एवढंच. काही आहेतच, मी ऐकलंय, दुसऱ्या फोनवर आपल्या लोकांबद्दल जे बोलले ते इथे लिहिणार नाही. पण पहिला माणूस तसा नव्हता.

सप्टेंबर 2025 मध्ये, नवरात्र तोंडावर, शुक्रवारी संध्याकाळी एचवनबीवर 1 लाख डॉलर फी जाहीर झाली आणि ग्रुपवर नुसता हलकल्लोळ, भारतात गेलेले परत निघाले, तिकिटांचे भाव गगनाला, मग शनिवारी खुलासा की फक्त नवीन अर्जांना. सगळे म्हणत होते हे अचानक कुठून आलं. अचानक कसलं! नऊ महिने रोज रेडिओवर चाललं होतं.

बहिणीचा पुढचा प्रश्न ठरलेला: मग तू त्यांच्यासारखी व्हायला लागलीस का? ती स्वतः रात्री नऊच्या मराठी चॅनलवरची भांडणं चवीने बघते, तर तिला मी हे उलट विचारत नाही, घरात शांतता हवी. नाही झाले. काही बाबतीत माझं मत उलट पक्कं झालं, लसीच्या वेळी जे ऐकलं त्यानंतर तर फारच, टेनेसीतला फिल व्हॅलेंटाइन हा होस्ट लसीची टिंगल करायचा, ऑगस्ट 2021 मध्ये तो कोविडनेच गेला, आणि आजारी असताना त्याच्या घरच्यांनी लोकांना लस घ्या म्हणून सांगितलं. ते ऐकल्यावर काही आठवडे मी गाडीत फक्त गाणी लावली होती.

सध्या आमच्या घरी वाद वेगळाच आहे. नवरा इलेक्ट्रिक गाडी घेऊ म्हणतो आणि बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत एएम नसतंच, मोटरमुळे खरखर येते म्हणून कंपन्यांनी काढून टाकलं. फोर्डने पण काढायचं ठरवलं होतं, 2023 मध्ये ओरड झाल्यावर परत ठेवलं. प्रत्येक गाडीत एएम हवंच असं बिल संसदेत आहे आणि त्याला दोन्ही पक्षांचे लोक सह्या करतायत. नवरा म्हणतो फोनवर अ‍ॅप आहे ना. आहे, पण अ‍ॅपवर माझ्या आवडीचेच होस्ट पुढे येत राहतात, मग मला काय कळणार. तर यादी बनवताना मी पहिला रकाना एएमचा केलाय आणि दुसरा रेंजचा.