एका ‘ग्रेटर’ची मंजुरी

अलिबागजवळ आक्षीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पक्षी बघणं सोपं. बघितलेला पक्षी मान्य करून घेणं हेच खरं काम. पक्षीनोंदीच्या एका ॲपवर मी यादी टाकली. कुरव, सुरय, कोरल, सगळे बिनबोभाट गेले. ग्रेटर सँड प्लोव्हर हा किनाऱ्यावरचा छोटा पक्षी तेवढा ‘तपासणी प्रलंबित’ म्हणून अडकला.

मेल आला: ‘कृपया, अधिक तपशील द्यावा.’ फोटो दिलेच होते की! आणखी दिले. पुन्हा तोच मेल, स्वल्पविरामासकट. मग सामसूम. होळी गेली, पक्षी उत्तरेला निघाले, नोंद जागची हलेना. सरकारी कचेरीत निदान टेबलासमोर ठाण मांडता येतं, इथे भांडायचं कुणाशी? तपासणारे हौसेने, फुकट काम करतात हे कबूल. पण नेमकं काय हवंय ते एका ओळीत सांगायला काय जातं?

शेवटी आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणाले, “ग्रेटर का ते लिहिलंस, लेसर का नाही ते कुठे लिहिलंयस?” लेसर म्हणजे लेसर सँड प्लोव्हर, ग्रेटरसारखाच दिसणारा. हिवाळ्यात दोघेही वरून मातकट, खालून पांढरे. (लेसरचेही आता सायबेरियन आणि तिबेटी अशा दोन जाती केल्यात, ती डोकेदुखी वेगळीच.) एकटा पक्षी असला तर आकारावरून काही कळत नाही. चोच बघायची. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर धरा. ग्रेटरची चोच त्याहून लांब भरते, लेसरची तेवढीच किंवा आखूड. ग्रेटरचे पाय लांब, फिकट, हिरवट-पिवळे. लेसरचे बहुधा काळपट. चिखलाने माखले असतील तर रंगावर जाऊ नका. उडताना ग्रेटरची बोटं शेपटीबाहेर डोकावतात.

माझ्या एका फोटोत दोघं शेजारी उभे सापडले. तो टाकला, चोचीचा हिशेब लिहिला, आणि थोड्याच दिवसांत नोंद गुपचूप मंजूर! ना मेल, ना काही. मी पेढे आणले. घरच्यांनी खाल्ले, कशाचे ते कुणी विचारलं नाही.

फोटो मूळ फाइलच द्या. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोत चोचीची कडच पुसली जाते. आणि हो, जायचं ते सकाळीच, ऊन पाठीवर असतं. संध्याकाळी समोर नुसते काळे ठिपके. भरतीचं वेळापत्रक बघून निघा. पाणी चढू लागलं की पक्षी आपणहून सुरूच्या बाजूला सरकतात. पूर्ण ओहोटीला ते इतके लांब जातात की दुर्बीण पुरत नाही आणि चपला चिखलात राहतात.