१०६ वरून ९६: वावरातल्या गोल्फ सरावाचा माझा अनुभव

पऱ्हाट्या उपटून झाल्या की मार्चमध्ये आमचं वावर मोकळं पडतं. त्या मोकळ्या वावरात सकाळी साडेसहाला गोल्फची सात नंबरची काठी, म्हणजे आयर्न, घेऊन मी उभा दिसलो, तेव्हा आमच्या सालदाराने विचारलं, "काय करी राह्यना भाऊ?" सराव करतोय म्हटलं. त्याने काठीकडे पाहिलं, चेंडूकडे पाहिलं आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

नऊ वर्षं पुण्यात नोकरी केली, तिथेच साहेबांच्या नादाने गोल्फ लागलं. वडिलांचे गुडघे गेले तसा मी अमळनेर तालुक्यात परत आलो. शेती अंगावर पडली, पण गोल्फ काही सुटलं नाही. दीड-दोन महिन्यांनी कामानिमित्त पुण्याला जाणं होतं, तेव्हा एक राउंड, म्हणजे अठरा होल, खेळून घेतो. यात फटके जितके कमी तितकं चांगलं. पार ७२ च्या, म्हणजे चांगल्या खेळाडूने ७२ फटक्यांत संपवायच्या, मैदानावर माझा स्कोअर तीन वर्षं १०४ ते १०८ मध्येच घुटमळत होता.

खरं सांगायचं तर पुण्यात असताना सराव कमी नव्हता. दर शनिवारी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जायचं, शंभर चेंडूंची बादली घ्यायची आणि त्यातले ऐंशी ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीने, बडवायचे. शेवटचे वीस-पंचवीस सरळ जायला लागले की वाटायचं, जमलं! रविवारी पहिल्याच टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, चेंडू उजवीकडच्या झाडांत.

एकदा पुण्याहून परतताना रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये झोप येईना, म्हणून स्कोअरकार्ड काढून एकेक होल आठवत वहीत मांडलं. त्या दिवशीचे १०६ फटके असे निघाले: ४० पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडू घरंगळवायचे फटके), ५ दंडाचे (चेंडू पाण्यात वगैरे गेला की वाढतात ते), ग्रीनपासून पन्नास यार्डांच्या आतले २२ आणि लांबचे ३९. म्हणजे १०६ पैकी ६२ फटके ग्रीनवर किंवा ग्रीनच्या आजूबाजूला. आणि त्या भागाचा सराव मी तीन वर्षांत तासभरही केला नव्हता. माझंच हसू आलं. कापसाला पाणी कमी पडतंय आणि आपण रोज बांधाला पाणी देतोय, तसला प्रकार.

गावी रेंज नाही, ग्रीन नाही. आधी त्याचं वाईट वाटायचं.

पटिंगसाठी पहिल्यांदा ओट्यावरची शहाबादी फरशी धरली. तिच्यावर चेंडू नुसता धक्का दिला तरी पायरी उतरून अंगणात. सारवलेल्या अंगणात उलटं. गोवऱ्यांच्या ढिगापर्यंतही नीट जाईना, वाटेत दोनदा उडी मारायचा. शेवटी मंडपवाल्याकडून लग्नात अंथरतात ती हिरवी मॅट घेतली, पंधरा फूट. हळदीचे डाग होते, म्हणून स्वस्तात दिली.

आता ती मॅट किती वेगाची, हे कसं कळणार? ग्रीनचा वेग मोजायचं साधन अगदी साधं असतं. १९३५ साली एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या अमेरिकन गोल्फरने ते बनवलं. छत्तीस इंचांची पन्हळ, तिच्यात एक खाच. खाचेत चेंडू ठेवून एक टोक हळूहळू उचलायचं. साधारण वीस अंशांवर चेंडू आपोआप सुटतो आणि किती फूट गेला ते मोजायचं. एकदा इकडून, एकदा तिकडून, मग सरासरी. फॅब्रिकेशनवाल्याकडून अॅल्युमिनियमची पट्टी वाकवून घेतली, खाच कानसीने पाडली. माझ्या मॅटवर चेंडू साडेसात फूट जायचा. पुढच्या खेपेला पुण्यात सरावाच्या ग्रीनवर तीच पट्टी लावली तर नऊच्या जरा वर. तेव्हा उलगडा झाला की माझे पहिले पट नेहमी लांब का जातात. मॅट जोत्यापासून अंगणाकडे थोडी उतरती अंथरली, वेग जुळला.

सुरुवातीला मी आठ-दहा फुटांवरून टाकायचो आणि चुकलं की चिडायचो. मग वाचनात आलं की अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिकसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट होलमध्ये घालतात. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी टूरवरच्या फटक्यांचा हिशेब मांडून दाखवला आहे. म्हटलं, त्यांचं निम्मं, तर आपण कशाला जीव जाळायचा? लांबचा पट फक्त जवळ नेऊन ठेवायचा आणि तीन-चार फुटांचा सोडायचा नाही. तीन फुटांवरून ओळीने वीस. मध्ये एक चुकला की परत एकपासून. अठराव्यावर चुकला की काय होतं ते सांगत नाही, माय आतून विचारायची, "कोणाला शिव्या देतोय रे?"

चिपिंगचं, म्हणजे ग्रीनजवळच्या छोट्या उडत्या फटक्यांचं, सोपं झालं. विहिरीजवळ पाइप झिरपतो तिथे हरळी बारमाही हिरवी असते. तिथून दहा, वीस, तीस पावलांवर तीन घमेली ठेवली. इथे एक गोष्ट नकळत घडली. माझ्याकडे चेंडू होते बाराच, आणि वेचायला माणूस मीच. एकाच घमेल्याकडे बारा चेंडू मारले तर गंमत संपते, म्हणून प्रत्येक चेंडूला घमेलं बदलायचो, कधी वेज, म्हणजे चेंडू उंच उडवायची काठी, बदलायचो, कधी बांधावरून उतरत्या पायाने मारायचो. रेंजवर एकच फटका शंभरदा मारताना हात बसल्यासारखा वाटतो; इथे मात्र रोज अडाण्यासारखं वाटायचं. पुढे कळलं की याला संशोधनाचा आधार आहे. १९७९ मध्ये शिया आणि मॉर्गन या दोघांनी दाखवलं होतं की आलटून-पालटून केलेला सराव त्या वेळी वाईट दिसतो, पण नंतर जास्त टिकतो. मला हे दारिद्र्यातून सापडलं, एवढंच.

बंकरला, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यांतल्या फटक्याला, बांधकामातून उरलेली वाळू कामी आली. चेंडू ठेवायचाच नाही. वाळूत बोटाने रेघ ओढायची आणि क्लब (म्हणजे काठी) नेमका रेघेवर उतरतो का ते पाहायचं. खरा फटकाही असाच, चेंडूच्या दोनेक इंच मागे वाळूत. पहिल्या आठवड्यात माझे खड्डे रेघेच्या मागे वीतभर पडत होते. मांजराने त्याच वाळूचा दुसरा उपयोग सुरू केल्यावर वर ताडपत्री आली.

लांबचे फटके वावरात मारले, पण एप्रिलमध्ये काळ्या मातीला भेगा पडल्या आणि चेंडू गायब व्हायला लागले. गोल्फचं होल १०८ मिलिमीटरचं, चेंडू ४३ मिलिमीटरच्या आसपास. पुण्यात त्या होलमध्ये चेंडू जाता जात नव्हता, इथे शंभर पावलांवरून थेट भेगेत! तीन गेले तसा तो नाद सोडला आणि शेडनेट टांगलं. एकेरी आणि ताणून बांधलं, ही माझी चूक. तिसराच चेंडू फाडून गोठ्याच्या पत्र्यावर आदळला, म्हैस दिवसभर दुधाला उभी राहिली नाही. मग दुहेरी, सैल, मागे गोणपाट. क्लबच्या तोंडाला खडूची भुकटी चोळायची, म्हणजे चेंडू कुठे लागला त्याचा डाग दिसतो. माझा डाग कायम टाचेकडे. उभं राहताना अर्धा इंच मागे सरकलो, बाकी काही दुरुस्त केलं नाही.

वेळ रोजची पाऊण तासच. मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो, आठनंतर बाहेर थांबायची सोय नाही. वीस मिनिटं पट, पंधरा चिप, उरलेली दहा वाळू नाहीतर नेट. जूनमध्ये पेरणी झाली, वावर गेलं, सगळं अंगणात आलं. पेरणीचे बारा-पंधरा दिवस मात्र क्लबला हातही लागला नाही.

मधला एक राउंड १०५ चा झाला. चार महिने घालवून एक फटका! त्या रात्री ट्रॅव्हल्समध्ये वही उघडलीच नाही. घरी येऊन पाहिलं तर पट ३६ वर आले होते. वाचलेल्या चारांतले तीन मी ड्रायव्हरने पाण्यात घालवले होते. म्हणून नियम केला: अरुंद होलवर ड्रायव्हर पिशवीतच राहील. आपली भारताची गोल्फर अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, ती काही लांब मारणारी नव्हे, तिचा जोर पटिंगवर. आपली तर तुलनाच नको, पण मनाची समजूत घालायला बरं.

कापूस वेचणी सुरू झाली त्या आठवड्यात पुण्याला गेलो. ३४ पट, दंडाचे २, जवळचे २०, लांबचे ४०. एकूण ९६. लांबचा एक वाढलाच होता. अठराव्यावर चार फुटांचा पट काठाला लागून बाहेर राहिला, नाहीतर ९५.

सकाळी गावात उतरलो. सालदार वावराच्या वाटेवर भेटला, त्याच्या हातावर पेढा ठेवला.

"कितला?"

"शहाण्णव."

"आन पयले?"

"एकशे सहा."

तो थांबला. "कमी व्हयनात नं? मंग पेढा कसाना?"