आज कुठला लावू?

‘आम्हाला काय, काहीही चालतं हो’ असं म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. पडद्यांच्या रंगात चालत असेल, टीव्हीवरच्या मालिकेत चालत असेल. भातात नाही चालत. अशा माणसाला त्याच्या सवयीचा नसलेला भात वाढून बघावा. तोंडानं तो काही बोलणार नाही. पण आमटी जरा जास्त मागेल, मग लोणचं मागेल आणि शेवटी अगदी सहज विचारल्यासारखं विचारेल, ‘पोळी आहे का एखादी?’

आमच्या घरात माणसं पाच आणि तांदळाचे डबेही पाच. एकास एक असा हिशोब मात्र लागत नाही. सकाळी कुकर काढला की मी स्वयंपाकघरातूनच ओरडते, ‘आज कुठला लावू?’ आणि बाहेरून एका वेळी तीन उत्तरं येतात. चौथं उत्तर म्हणजे सासूबाईंचं ‘कुठलाही लाव’. ते सगळ्यांत धोक्याचं.

मी कुडाळकडची. आमच्याकडे ‘जेवलंस?’ याचा अर्थ भात खाल्लास का, एवढाच. चपात्या पाहुणे आले की, नाहीतर डॉक्टरनं सांगितल्या म्हणून. आणि भात म्हणजे उकडा. तो होताना ज्यांनी पाहिला नाही, त्यांना तो नुसता जाडाभरडा लालसर तांदूळ वाटतो. आमच्याकडे वैशाखात, पाऊस यायच्या आत, वर्षाचं भात, म्हणजे तुसासकट साळ, उकडून ठेवायचे. रात्रभर भिजलेलं भात सकाळी मोठ्या तांब्याच्या हंड्यात चुलीवर चढायचं. तुसाला टोकाशी बारीक चीर पडली की आजी हंडा उतरवायला लावायची. मग ते सारवलेल्या खळ्यात पसरायचं आणि आम्हा पोरांना कामाला लावायचं. पाय न उचलता, घासत घासत त्यातून चालायचं, म्हणजे खालचं भात वर येतं. खळ्यावर आमच्या पावलांच्या लांबच लांब रेघा उठायच्या. सकाळी पायाखाली ऊन ऊन आणि ओलसर, दुपार कलली की कोरडं आणि टोचरं. मधूनमधून कोंबड्या हाकायच्या. वाळलं की नाही ते आजी दातांनी ठरवायची. दाणा कटकन तुटला तर गिरणीत, नाहीतर आणखी एक ऊन.

तुसासकट उकडल्यामुळे कोंड्यातलं ब जीवनसत्त्व आत दाण्यात उतरतं, दाणा टणक होतो आणि गिरणीत त्याच्या कण्या कमी पडतात, हे मी पुढे कॉलेजात शिकले. आजीचं शास्त्र याहून थोडक्यात होतं. उकड्याची पेज पोटात राहते, माणूस दुपारपर्यंत नांगरामागे उभा राहतो. संपलं. टोपात भरपूर आधण ठेवायचं, तांदूळ वैरायचे, दाणा फुलून मऊ झाला की थोडं मीठ. दहाच्या सुमाराला खोलगट ताटलीत ती पेज आणि सोबत खारातली कैरी किंवा निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. पलीकडे गोव्यातही साधारण याच वेळेला पेजेचा कार्यक्रम असतो. दुपारच्या भातासाठी त्याच तांदळाचं पाणी वेळून काढायचं आणि त्या मोकळ्या भातावर कुळथाची पिठी. ती पिठी जरा घट्ट झाली तरी आमच्या घरात तोंडं वाकडी व्हायची, पण तो वेगळा विषय.

लग्न होऊन आले ती बार्शीच्या घरात. राहायला पुण्यात, पण ताटात बार्शी. सासूबाई मालदांडी ज्वारीशिवाय दुसऱ्या धान्याला धान्य मानत नाहीत. भाकरी तव्यावर टाकली की ओल्या हातानं तिच्यावर पाणी फिरवतात ते बघत राहावं; कडेपर्यंत एकसारखं, एक थेंब तव्यावर नाही. त्यांच्याकडे भात म्हणजे जेवणाचा शेवट. दोन घास, ताकाबरोबर, पान आवरतं घ्यायला. ‘भातानं झोप येते’ आणि ‘भात काय, पाण्यासारखा पोटातून निघून जातो’ ही दोन वाक्यं त्या एका श्वासात म्हणत. माहेरून आणलेला उकडा मी पहिल्यांदा शिजवला, तेव्हा त्या बाहेरून आत आल्या, झाकणाजवळ वाकल्या आणि अगदी काळजीनं म्हणाल्या, ‘अगं, तांदूळ नासलेत का हे?’

वास येतो त्याला, हे खरं आहे. आम्हाला तो वास म्हणून कधी कळलाच नव्हता.

पण माझ्या उकड्याची घरातून पाठवणी खरं तर कुकरनं केली. तीन भांड्यांचा कुकर हा फार हुकूमशाही स्वभावाचा प्राणी आहे. खाली डाळ, मध्ये भात, वर बटाटे, आणि सगळ्यांनी एकाच वेळी शिजून तयार व्हायचं. उकड्याला कोलमच्या जवळजवळ दुप्पट पाणी लागतं आणि वेळही तसाच. त्याच्यासाठी शिट्ट्या वाढवल्या की डाळीचं पाणी शिटीतून भिंतीवर आणि बटाट्याचा भुगा. शिवाय कुकरात पाणी वेळून काढायची सोयच नाही. जेवढं घालाल तेवढं भातानं प्यायचं. सकाळी साडेआठला घर सोडणाऱ्या बाईला वेगळा टोप, वेगळा गॅस आणि पाऊण तास कुठून परवडणार? डबा आधी खालच्या फळीवर गेला, मग माळ्यावर. कोणी भांडलं नाही, कोणी काही ठरवलं नाही. घरातले बरेचसे निर्णय भांडी घेतात, माणसं नंतर त्यांना आवडीनिवडी म्हणतात, असं माझं मत होत चाललंय.

कुकरनं निवडलेला तांदूळ म्हणजे कोलम. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही आणि तोच त्याचा गुण. रोज उठून ज्याच्याबद्दल मत द्यावं लागत नाही असा तांदूळ.

नवऱ्याचा जीव इंद्रायणीत. तो बार्शीचा असला तरी शिकायला पुण्यात राहिला आणि मेसमध्ये बाटला. इंद्रायणी हा नदीच्या नावाचा तांदूळ असला तरी पुराणकाळचा नव्हे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून तो 1987 साली आला. एका बाजूला आपला जुना वासाचा आंबेमोहर, दुसऱ्या बाजूला फिलिपिन्सहून आलेला, बुटका आणि भरघोस पिकणारा आयआर-8. आंबेमोहराचं रोप उंच वाढतं, वाऱ्या-पावसात आडवं होतं, उतारा कमी. त्या दोघांचा संकर केला तेव्हा सुवास आईकडचा आणि कमावण्याची अक्कल बापाकडची, असं अपत्य निघालं. ज्यानं कोणी हे जुळवलं त्याला मी मनातल्या मनात दर जेवणाला दाद देते, कारण सासरच्या-माहेरच्या गुणांची इतकी सोयीची वाटणी माणसांत मी तरी पाहिलेली नाही. जुन्या हायवेनं लोणावळ्याहून परत येताना कामशेतजवळ नवरा गाडी थांबवतो. पोत्यातून मूठभर तांदूळ घेतो, हुंगतो, दोन दाणे दाताखाली धरतो आणि भाव न करता घेतो. दाताखाली धरून त्याला काय कळतं ते मला अजून समजलेलं नाही. आजीला कळायचं.

इंद्रायणीचा भात गोळा होतो म्हणून लेकीला तो आवडत नाही. तिला शीत न् शीत वेगळं हवं. हॉटेलात मिळतो तसा लांबसडक बासमती, वर चार जिरे. बरेच दिवस मी हे ‘आजकालच्या मुलांचं’ म्हणून सोडून दिलं होतं. मग एकदा जेवताना माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. ती चमच्यानं जेवते! चिकट भात चमच्याला धरून बसतो, कालवला जात नाही, आमटी एकीकडे आणि गोळा दुसरीकडे. हातानं जेवणाऱ्याला तोच चिकटपणा हवासा वाटतो, कारण बोटांनी भात फोडता येतो, आमटी मुरवता येते आणि घासाला आकार येतो. मोकळा बासमती बोटांतून निसटतो, आमटी तर मनगटापर्यंत. तेव्हापासून पाहुणे आले की मी आधी त्यांच्या पानाजवळ चमचा मागितला जातो का ते बघते. बहुतेक वेळा पैज जिंकते.

तरी गणपतीत सगळ्यांचं एकमत होतं, कारण नैवेद्याच्या पानात मूद उभी राहायला हवी. वाटी उपडी केली आणि बासमतीचा भात पसरला, की सासूबाईंचा चेहराही तसाच पसरतो. त्या दिवसांसाठी आंबेमोहराचा छोटा डबा. मोदकाची पिठीही त्याचीच. अस्सल मुळशीचा मिळाला तर कुकरचं झाकण उघडताना शेजारच्या काकू दारात येतात. पण दुकानात आंबेमोहर म्हणून जे जे मिळतं ते सगळं मुळशीचं नसतं, आणि असलं तरी फार जुना झालेला असेल तर वास उडालेला असतो. तांदळाचा हा एक पेच आहे. जुना झाला की भात मोकळा आणि छान फुलतो, पण सुगंध कमी होतो. नवा असला की दरवळ भरपूर, आणि नेहमीचं पाणी घातलंत तर खळ. वाणी ‘जुना आहे ताई’ असं ज्या अभिमानानं सांगतो, तो आंबेमोहराच्या बाबतीत जरा जपून ऐकावा.

दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांची साखर वाढली आणि सगळं चित्र पालटलं. गंमत अशी की जन्मभर भाकरी खाल्लेला हा माणूस निवृत्तीनंतर भाताला लागला होता. दात सैल झालेले, भाकरी कुस्करून खायचा कंटाळा, आणि मऊ इंद्रायणीवर साजूक तूप ही सोय त्यांना उशिरा सापडलेली. तोच बंद. आहारतज्ज्ञ बाईंनी मोठा कागद लिहून दिला, त्यात खाली एक ओळ होती: भात हवाच असेल तर उकडा, तोही एक वाटी. म्हणजे साखर जरा सावकाश चढते. सासूबाईंनी तो कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘तुझा तो वासाचा तांदूळ आहे का गं अजून?’

माळ्यावरचा होता, त्यात पोरकिडे झालेले. भावाला फोन केला, नवा आला. आता घरातून मी उशिरा निघते, नोकरी अर्धवेळ झाली आहे, तेव्हा टोप आणि पाऊण तास दोन्ही मिळतात. सासरे पहिले काही दिवस वाटीतल्या भाताकडे असे बघत बसायचे, जणू तो काही कबूल करणार आहे. मग मेतकूट घालून खाऊ लागले. आता ‘हा दाताखाली लागतो तरी’ म्हणतात. दात सैल असलेल्या माणसानं ही तारीफ करावी!

सासूबाईंचं वेगळंच झालं. त्यांना उकड्याचा भात अजूनही आवडत नाही आणि तसं त्या रोज सांगतात. पण टोपातलं वरचं पाणी मी वेळून काढते, ते ओतून द्यायला त्यांचा जीव होईना. ‘एवढं घट्ट पाणी मोरीत?’ म्हणून एक दिवस वाटीत घेतलं. मीठ घातलं, दुसऱ्या दिवशी तुपाचा थेंब, तिसऱ्या दिवशी शेंगदाण्याची चटणी. पेजेत सोलापुरी शेंगदाणा चटणी! माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, ‘खाताहेत ना, खाऊ देत.’ मी चाखून बघितली. वाईट लागत नाही. सुक्या बांगड्याची सर नाही, पण तो या घरात भाजायचा म्हणजे सोसायटीची सभा बोलावावी लागेल.

आता दहाच्या सुमाराला त्या स्वयंपाकघरात एक चक्कर मारतात. ‘सहज’ असं म्हणून. टोपाचं झाकण उचलतात, वाटी शोधतात. लेकीला हे सगळं विनोदी वाटतं. तिनं त्या पेजेचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला आणि कोणीतरी तिला विचारलं म्हणे, की हे त्वचेला लावायचं असतं ना? सासूबाईंना ते कळल्यावर त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरून ठेवली.

भाऊ पुढच्या महिन्यात कामासाठी येतोय. गाडीनं येणार, म्हणून मी त्याला दहा किलो उकडा सांगितला. काल त्याचा उलटा फोन. म्हणाला, ‘अगं, एकदा काय ते ठरवा. तुझ्या सासूबाईंनी मला परस्पर पंचवीस सांगितलाय, आणि वर म्हणाल्या की तिला सांगू नकोस, मला काही तो आवडत नाही.’