मनूची झोप आणि आमचा कूलर

आमच्या लेकीला, मनूला, वेगळं झोपवायचं हे उन्हाळ्यातच ठरलं होतं, पण नागपुरात उन्हाळ्यात असलं काही ठरवून उपयोग नाही. एप्रिल लागला की आमच्याकडे हॉलमध्ये एका लाईनीत गाद्या पडतात, सासू-सासरे, नवरा, मी, मधे मनू आणि खिडकीत तो भलामोठा डेझर्ट कूलर. पारा ४५ च्या वर गेला की जिथं हवा तिथं माणूस, कोणाची खोली कोणती हा प्रश्नच राहत नाही. मुलांना झोपवायचे व्हिडिओ बनवणाऱ्यांना हे कोण सांगणार बाप्पा. म्हणून पाऊस लागून कूलर बंद झाला, पोळा झाला, तेव्हा कुठं सुरू केलं.

सुरू केल्यावर कळलं की खोलीपेक्षा भानगड माझ्या वेणीची आहे. ती हातात धरल्याशिवाय मनूला झोपच लागत नाही. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, झोप काही सलग नसते, मोठ्यांची दीडेक तासानं आणि लहान मुलांची त्याहून लवकर अशी वर येते, आपण कूस बदलतो नि परत झोपतो, सकाळी आठवतही नाही. मूल मात्र झोपताना जे जवळ होतं तेच शोधतं. म्हणजे मनू रात्री वर आली की वेणी चाचपणार, नाही सापडली की भोकाड. तर तिला अर्धवट जागी असतानाच गादीवर टाकायचं आणि झोपेचा शेवटचा टप्पा तिचा तिला करू द्यायचा, एवढंच काय ते काम, बोलायला सोपं.

फर्बर म्हणून एक अमेरिकन डॉक्टर आहेत, त्यांनी १९८५ साली मांडलेली पद्धत फार चालते, मूल रडलं तरी लगेच उचलायचं नाही, थोडं थोडं अंतर वाढवत जाऊन बघून यायचं. चूक नाही ती, पण आमच्या भिंती पातळ आणि आई (सासूबाई) जाग्या. पहिल्याच रडण्याला त्या दारात, "काहून रडवून राहिली पोट्टीला, लहान आहे नं ती अजून!" मग मी खुर्चीवाला प्रकार घेतला. आधी दिवाणाला खेटून खुर्ची, वेणी वर अंबाड्यात बांधलेली, हात द्यायचा नाही, गप्पा नाही, नुसतं बसायचं. मग काही दिवसांनी खुर्ची कपाटापाशी, मग दारात. कंटाळवाणं आहे खूप, मोबाईलही घेता येत नाही कारण उजेड दिसला की ती उठून बसते. झीरोचा लाल बल्ब आणि अजनी स्टेशनच्या बाजूनं येणारे गाड्यांचे हॉर्न, बस.

मधे एक रात्र भयानक गेली. झोपून तास-दीड तास झाला असेल, मनू किंचाळत उठून बसली, डोळे सताड उघडे, मला ओळखेना, जवळ घेतलं तर ढकलून देऊन राहिली. आईंनी मीठ-मोहरी उतरवली, थोड्या वेळात पोरगी शांत झोपली, आणि ते श्रेय अजूनही मिठाचंच आहे. डॉक्टर म्हणाले हे रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोपेत होतं, उठवायचं नाही, फक्त पडू-लागू द्यायचं नाही, सकाळी मुलाला काहीच आठवत नाही. वाईट स्वप्नं वेगळी, ती जास्त करून पहाटेकडे पडतात आणि त्यात मूल जागं होऊन सांगतं तरी. मनूला खरंच काही आठवत नव्हतं, पोहे खात होती आरामात.

अंधाराची भीती मात्र खरी होती, त्यावर तोडगा तिनंच काढला. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी दारात उभा केला, तोंड बाहेर करून. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडा-पिडा घेऊन जायला मिरवणुकीनं काढतात तो मोठा पुतळा, मारबत, बाबांच्या खांद्यावरून पाहिलेली, तेव्हापासून दिवा घालवला की जोरात ओरडते, "भीती घेऊन जा गे मारबत!" रोज. शेजारचे काय समजत असतील देव जाणे.

सगळ्यात जास्त वाद झाला तो दुपारच्या झोपेवर. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. आता शाळेतून आल्यावर आजीच्या कुशीत चांगली पाच वाजेपर्यंत झोपली तर रात्री नऊला कशी झोपेल ती? पण आईंना मनूशिवाय दुपारी डोळा लागत नाही, हे त्या कबूल करत नाहीत. शेवटी साडेतीनला उठवायचं ठरलं, उठवायला सासरे. त्यांना नाही म्हणायची आईंची हिंमत नाही.

आता बहुतेक रात्री झोपते एकटी. ताप-सर्दी असली की माझ्याजवळ, तिथं मी नियम लावत नाही. नवरा म्हणतो तिच्या खोलीत एसी घेऊ, नाहीतर एप्रिलमध्ये सगळं पाण्यात. मी नको म्हटलं, बिल कोण भरणार? येऊ दे तिला लाईनीत, फक्त मधली जागा नाही, आजोबांच्या पलीकडे, जिथून वेणीला हात पोचत नाही.